गुणविशेषांचा समतोल : संगणकीय इतिहासखेळांतील भारत, दख्खन आणि मराठे

२८ एप्रिल २०२२ रोजी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकीय व्यूहखेळाचा ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार प्रसिद्ध झाला. २०१३ पासून या खेळात ‘इंडियन्स’ या एकाच नावाने वावरणारा भारत त्या दिवशी चार संस्कृतींत विभागला गेला : हिंदुस्तानी, बंगाली, गुर्जर आणि द्रविड. चौघांना निरनिराळी गुणवैशिष्ट्ये मिळाली, आपापले खास सैनिक मिळाले आणि बोलायला आपापली भाषा मिळाली. मराठी या चारांत नाही. खेळ मध्ययुगाचा आहे. देवगिरीचे यादव, ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांचा काळ नेमका त्याच मर्यादेत येतो. तेव्हा ‘आमची संस्कृती कोठे?’ असा प्रश्न मराठी खेळाडूने विचारणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र या प्रश्नाच्या पुढच्या पायरीचा आहे. समजा, उद्या मराठ्यांना या पटावर स्वतंत्र घर मिळाले, तर त्यांचे वैशिष्ट्य म्हणून काय लिहिले जाईल, आणि ते कोणाच्या लेखणीतून आलेले असेल?

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. फ्रेंच माणूस तर्कनिष्ठ, जर्मन गंभीर, स्पॅनिश अभिमानी अशा ठोकळेबाज कल्पना साहित्यातून कशा घडतात आणि कशा प्रवास करतात, याचा अभ्यास आपल्या विद्याशाखेत राष्ट्रप्रतिमांचा अभ्यास म्हणून रुजलेला आहे. व्यूहखेळांतील ‘बोनस’ ही त्याच प्रतिमांची सर्वांत आटीव आवृत्ती आहे. कादंबरीत जी प्रतिमा तीनशे पानांत पसरलेली असते, ती येथे एका ओळीत आणि टक्क्यांत उतरते. तिच्यावर विश्वास ठेवा असे कोणी सांगत नाही. तिच्यानुसार वागल्याखेरीज डाव जिंकता येत नाही, एवढेच.

आधी यंत्रणा थोडक्यात पाहू. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची सैन्ये सारखी असतात, म्हणून समतोलाचा प्रश्न पहिली चाल कोणाची एवढ्यापुरता उरतो. इतिहासखेळांना हे चालत नाही. रोमन आणि मंगोल सारखेच असतील तर नावे वेगळी कशाला? म्हणून १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ निघाला तेव्हा त्यातील तेरा संस्कृतींसाठी एकच समान तंत्रवृक्ष योजण्यात आला आणि प्रत्येकीच्या वाट्याला त्यातल्या काही फांद्या छाटून, काही लहान सवलती जोडून भेद निर्माण केला गेला. म्हणजे येथे संस्कृतीची ओळख बेरीज आणि वजाबाकी यांनी मिळून होते. तिला काय मिळाले याइतकेच काय नाकारले गेले हेही तिचे लक्षण ठरते. पुढे हजारो डावांच्या नोंदी तपासून कोणती संस्कृती किती वेळा जिंकते हे पाहिले जाते आणि त्या प्रमाणात सवलती कमीजास्त केल्या जातात. २०१३ च्या ‘इंडियन्स’ना गावकरी स्वस्तात मिळत, ती सवलत युगागणिक १० टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत वाढत जाई. त्यांचा वारसा घेतलेल्या हिंदुस्तान्यांकडे ती ८ पासून २३ टक्के अशी आहे. दोन टक्क्यांची ही कपात कोणत्याही ताम्रपटाने सुचविलेली नव्हती. खेळाच्या न्यायासाठी ती झाली, आणि खेळाच्या दृष्टीने ती योग्यही असेल.

विषम बळांचा समतोल आपल्या परंपरेला ठाऊक नव्हता असे नाही. मराठीत वाघ-बकरी, कन्नडमध्ये आडु-हुली, तमिळमध्ये आडु-पुली या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे पट दक्षिणेतल्या देवळांच्या फरशांवर कोरलेले सापडतात. त्याच्या एका प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असतात. वाघ उडी मारून शेळी खातो, शेळ्या वाघाची वाट अडवून त्याला जखडतात. बळ आणि संख्या यांचा हा तोल सुंदर आहे. पण एक डाव झाला की खेळणारे बाजू बदलून घेतात, आणि वाघ होणे हा कोणाचाही वंशगुण ठरत नाही. संगणकीय खेळात वाघपण संस्कृतीच्या नावाला चिकटते, आणि प्रश्न तेथून सुरू होतो.

भारताला चिकटलेले वैशिष्ट्य कोणते, हे पाहण्याजोगे आहे. वर सांगितलेली स्वस्त गावकऱ्यांची सवलत एकटी नाही. २००७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या आशियाई विस्तारात भारतीयांना राजधानीहून येणाऱ्या प्रत्येक रसदेबरोबर एक गावकरी फुकट मिळतो. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये गांधींच्या भारताच्या गुणाचे नावच ‘पॉप्युलेशन ग्रोथ’, म्हणजे लोकसंख्यावाढ असे आहे : शहरांच्या संख्येमुळे होणारा असंतोष दुप्पट, माणसांच्या संख्येमुळे होणारा निम्मा. तीन स्वतंत्र खेळ, तीन निरनिराळे रचनाकार-गट, आणि तिघांनाही भारत म्हटल्यावर प्रथम सुचली ती डोकी : पुष्कळ, स्वस्त आणि दाटीने राहूनही कुरकूर न करणारी. या तिघांनी एकमेकांचे अनुकरण केले असे मानण्याची गरज नाही. माल्थसपासून विसाव्या शतकातील लोकसंख्येच्या भयापर्यंत जी प्रतिमा इंग्रजी वाङ्मयात साठत गेली, तिच्याच विहिरीवर तिघे पाणी भरायला आले.

या प्रतिमेपुढे दख्खनचे मराठी दप्तर ठेवून पाहिले तर चित्र जवळजवळ उलटे दिसते. सतराव्या शतकातील दख्खनमध्ये जमीन भरपूर होती आणि ती कसणारे हात कमी होते. १६३०-३२ च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली. त्याच सुमारास विजापूरकरांच्या फौजेने पुणे उद्ध्वस्त केल्याची आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण मराठी परंपरेने जपली आहे. ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर कुळाला बोलावून आणावे लागे, त्याला अभयाचा कौल द्यावा लागे, आणि सारा एकदम न घेता वर्षावर्षाने चढत जाणाऱ्या इस्ताव्याने घ्यावा लागे. पहिल्या वर्षी नाममात्र, मग थोडा अधिक, आणि काही वर्षांनी पूर्ण दस्त, अशी ही रीत होती. जाच झाला तर रयत परागंदा होई आणि शेजारच्या परगण्यातला अंमलदार तिला स्वतःचा कौल देऊन ठेवून घेई. कुणबी ही येथे सत्तांनी एकमेकांकडून ओढून घेण्याची दुर्मिळ वस्तू होती. कौलनाम्यांची भाषा वाचणाऱ्याला स्वस्त गावकऱ्याची कल्पना करणे कठीण जाते. त्या भाषेत आर्जव आहे. खेळाच्या परिभाषेतच बोलायचे तर सतराव्या शतकातील दख्खनचा गावकरी महाग हवा, आणि तो दुसऱ्याच्या वस्तीत निघून जाण्याची मुभा हवी.

आता ‘द्रविड’ हे नाव घेऊ. बेंगळुरूत बसून या नावाची तपासणी करणे अधिकच उचित. खेळातील द्रविडांचा खास सैनिक उरुमी, म्हणजे केरळच्या कळरीतील लवचीक तलवार फिरवणारा. त्यांचे जहाज चोळांच्या आरमाराची आठवण करून देणारे. त्यांची मोहीम पहिल्या राजेंद्र चोळाची. त्यांच्या खास विद्येचे नाव ‘वुट्झ स्टील’. ती साधली की त्यांच्या तलवारी शत्रूचे चिलखत जुमानत नाहीत. वुट्झ हा शब्द कन्नड ‘उक्कु’ या शब्दाचे इंग्रजी कागदांत झालेले रूप मानले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध आला. पुढे फॅरेडेनेही त्यावर प्रयोग केले. म्हणजे शब्द कन्नड, उच्चार इंग्रजी, तलवार मल्याळी, राजा तमिळ, आणि या सर्वांवर छत्र धरले ते १८५६ मध्ये कॉल्डवेलच्या तौलनिक व्याकरणाने रूढ केलेल्या एका भाषाकुलाच्या नावाने. भाषाकुलाची संज्ञा संस्कृतीची संज्ञा झाली, आणि संस्कृतीची संज्ञा सैन्याची झाली.

याच नावाचा जुना अर्थ लावला तर गंमत अशी होते, की विभागणीच कोसळते. ब्राह्मणांच्या पारंपरिक वर्गीकरणात विंध्याच्या दक्षिणेकडील पाच गटांना पंचद्रविड म्हणत, आणि त्यात द्रविड, तैलंग व कर्नाट यांच्याबरोबर महाराष्ट्र आणि गुर्जर यांचीही गणना होई. त्या हिशेबाने खेळातील गुर्जर हे द्रविडांचेच भाऊबंद, आणि मराठी माणसाला स्वतंत्र घर मागण्याचे कारणच उरत नाही. हे वर्गीकरण एका जातीपुरते होते, ते समाजाचे वर्णन म्हणून चालणार नाही, हे खरेच. परंतु कॉल्डवेलचे तरी कशासाठी होते? दोन्ही पद्धती एका विशिष्ट कामासाठी बनवलेल्या होत्या आणि दोन्हींचा उपयोग त्या कामाबाहेर झाला.

द्रविडांची वजाबाकी घोड्यांची आहे. ‘नाइट’ हा जड घोडेस्वार भारतीय संस्कृतींपैकी कोणालाच मिळत नाही. द्रविडांचे घोडदळ त्यातही दुबळे. यामागे खरा आधार आहे. दक्षिणेत घोड्यांची पैदास चांगली होत नसे. मअबरच्या किनाऱ्यावर दरवर्षी असंख्य घोडे आयात होतात आणि निगा ठाऊक नसल्याने मरतात, असे मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. पण याच वस्तुस्थितीतून विजयनगरने काढलेला निष्कर्ष खेळाच्या निष्कर्षाहून वेगळा होता. विजयनगरच्या राजाने घोडे विकत घेतले. फेर्नांव नुनिश हा पोर्तुगीज आपल्या सुमारे १५३५ च्या वृत्तांतात राजा दरवर्षी होर्मुझचे तेरा हजार घोडे खरेदी करतो असे सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण व्यवहाराचे प्रमाण त्यातून कळते. भटकळ आणि गोवा या बंदरांचे महत्त्व, १५१० मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगिजांनी घोड्यांच्या व्यापारावर बसवलेली पकड, आणि त्या पकडीसाठी विजयनगर व विजापूर या दोघांनी केलेली मनधरणी, हा सारा इतिहास त्या एका उणिवेतून जन्माला आला. उणीव ही राज्याची स्थिर खूण नव्हती. ती त्याच्या परराष्ट्रधोरणाची प्रेरणा होती. तंत्रवृक्षाची फांदी छाटली की नेमका हा इतिहास नाहीसा होतो, कारण जे नाही ते मिळवण्याची धडपड दाखवायला तेथे जागा उरत नाही. उलट भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील काटक तट्टे विकत आणावी लागत नव्हती, आणि मराठी घोडदळाचा खर्च व चपळाई यांचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो.

येथे आपण मराठ्यांपाशी येतो. मराठे व्यूहखेळांत अगदीच नाहीत असे नाही. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये ‘मराठा कॉन्फेडरसी’ युरोपीय सत्तांच्या रांगेत बसली आहे, मुख्य मोहिमेत खेळाडूला निवडता येणारी भारतातील सत्ता तेवढी एकच. मोहीम १७०० साली सुरू होते. त्या वर्षी प्रत्यक्षात काय स्थिती होती? मार्चमध्ये राजाराम महाराजांचा सिंहगडावर अंत झाला, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला, आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. सरदारांचे जे संघराज्य इंग्रजांनी कॉन्फेडरसी म्हणून ओळखले, ते पेशवाईत पुढे कित्येक वर्षांनी आकाराला आले. पण समान आरंभरेषेचा नियम असा, की प्रत्येकाला पहिल्या चालीला राजधानी, तिजोरी आणि सैन्य लागते. ज्या राज्याचे त्या वर्षीचे सामर्थ्य राजधानीवाचून टिकून राहण्यात होते, त्यालाही ते सारे द्यावे लागले.

मराठ्यांना स्वतंत्र गुण द्यायचाच झाला तर बहुतेक जण ‘गनिमी कावा’ असे उत्तर देतील. मराठी शाळकरी मूल ते देईल, आणि इंग्रजी लष्करी इतिहास वाचलेला परदेशी रचनाकारही देईल. एकमत इतके पूर्ण असले की संशय यावा. मुळात शब्द पाहा. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. मोगली कागदांत मराठ्यांना गनीम म्हटले आहे. तेव्हा ज्याला आपण आपला खास गुण मानतो, त्याच्या नावातले पहिले पद शत्रूने आपल्याला दिलेले आहे. मराठी भाषेने ते उचलले आणि त्याला अभिमानाचा सूर दिला. हा शब्दाचा प्रवास तौलनिक अभ्यासकाने स्वतंत्रपणे तपासावा इतका बोलका आहे.

शिवाय ही युद्धरीत एकट्या मराठ्यांची नव्हती. १६२६ मध्ये मरण पावलेल्या निजामशाहीच्या मलिक अंबराने मोगलांना याच पद्धतीने वर्षानुवर्षे जेरीस आणले. अंबर मूळचा हबशी, त्याच्या फौजेतील स्वार मोठ्या संख्येने मराठे, आणि मोगली इतिहासकारांनी या रीतीला दिलेले नाव ‘बर्गीगिरी’. ते बारगीर या शब्दाशी जोडलेले आहे. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, जो स्वतःचा आणतो तो शिलेदार. पुढे १७४१ नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या आणि तेथे हाच शब्द ‘बर्गी’ होऊन मुलांना निजवण्याच्या अंगाईत शिरला. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य त्या स्वाऱ्यांच्या स्मृतीतून आलेले. एकच घोडेस्वार मराठी बखरीत पराक्रमी, फारसी तवारिखेत उपद्रवी आणि बंगाली अंगाईत बागुलबुवा आहे. खेळाच्या कोष्टकात यांपैकी एकच ओळ मावते, आणि ती पहिली असेल की तिसरी, हे निवडणाऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहील.

निवडीचा हा वाद मराठी इतिहासलेखनात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. १८२६ मध्ये ग्रँट डफने आपला इतिहास प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या वाळल्या गवतात अवचित वणवा पेटावा तसा मराठ्यांचा उदय, ही त्याची उपमा न्यायमूर्ती रानडे यांना मान्य नव्हती. १९०० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी उदयाची कारणे संतांच्या चळवळीत, ग्रामव्यवस्थेत आणि अष्टप्रधानांच्या रचनेत शोधली. रानडे बरोबर होते की नाही, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा, की त्यांच्या मराठ्यांचा बोनस कसा लिहावा? पंढरीच्या वारीला किती टक्के द्यावेत? डफचा मराठा खेळात सहज बसतो; वेग अधिक, लूट अधिक, चिलखत कमी. ज्या इतिहासाचे आकड्यांत भाषांतर सोपे, तो इतिहास खेळात टिकतो. यामागे कोणाचा पक्षपात असण्याची गरजही नाही.

याच वादाचा सर्वांत कडवट भाग पानिपताचा आहे. परंपरागत कथनानुसार मल्हारराव होळकर गनिमी काव्याच्या बाजूचे होते, तर सदाशिवरावभाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफांवर होता. उदगीरला १७६० च्या आरंभी त्या तोफांनी यश दिले होते. १४ जानेवारी १७६१ ला ते मिळाले नाही. तेव्हापासून शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’पर्यंत आणि त्यानंतरही मराठी माणूस विचारत आला आहे, की आपण आपला गुण टाकून दुसऱ्याचा घेतला, म्हणून हरलो का? हा प्रश्नच मुळी बोनसच्या भाषेतला आहे. त्यात असे गृहीत आहे, की गुण एकाचा असतो आणि दुसऱ्याकडे गेला की निरुपयोगी होतो. मला हे गृहीतक इतिहासाला घातक वाटते, आणि ते परकीयांनी लादले आहे असेही म्हणता येत नाही. आपणच ते आपल्या सर्वांत मोठ्या दुःखाच्या स्पष्टीकरणासाठी वापरले.

या गृहीतकाचे खंडन जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असईच्या रणांगणावर पडलेले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या लहानशा फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मारली वा जखमी केली. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्या दिवशीच्या तोफांची धास्ती त्याला जन्मभर आठवत होती. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ च्या अभ्यासाने मराठ्यांचा तोफखाना इंग्रजांच्या तोडीचा होता असे सप्रमाण मांडले आणि पराभवाची कारणे रणांगणाबाहेर, कंपनीच्या पैशात व शिंद्यांचे युरोपीय अधिकारी फोडण्यात शोधली. तरीही ‘शिंद्यांनी घोडदळ सोडले नसते तर’ हे वाक्य इंग्रज अधिकारी आणि मराठी देशभक्त दोघेही उच्चारत राहिले. मराठ्याने तोफ चालवू नये, असे दोघांनाही वाटत होते म्हणायचे! प्रत्यक्षात मराठ्यांची आवडती तलवारही ‘फिरंग’ होती. पाते युरोपातून आलेले, मूठ येथली.

बेंगळुरूचाच इतिहास या बाबतीत सर्वांत अडचणीचा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजी राजांच्या जहागिरीत आले. येथील त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो दीर्घ प्रस्तावनेसह छापला. या चंपूत संस्कृताबरोबर मराठी, कन्नड, हिंदी इत्यादी अनेक भाषांतील कवने येतात. निरनिराळ्या भाषांचे कवी एका सभेत जमले आहेत आणि यजमान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार आहे, असा तो देखावा. या दरबाराला खेळातील कोणत्या संस्कृतीचे चिन्ह लावावे? मराठी बोलणारा सरदार, फारसी दप्तराची सत्ता, कन्नड मुलूख, संस्कृत चंपू. शहाजींचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले, आणि १६८७ मध्ये मोगलांच्या हातून बेंगळुरू चिक्कदेवराज ओडेयरांकडे तीन लाख रुपयांना गेले असे सांगतात. तंजावरच्या भोसल्यांनी तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांत नाटके व काव्ये लिहविली, काही स्वतः लिहिली. आणि सरफोजीने १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा मराठी इतिहास कोरवला तो राजेंद्राच्या पित्याने बांधलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर. त्या भिंतीपुढे उभे राहून ‘द्रविड’ आणि ‘मराठा’ यांचे तंत्रवृक्ष वेगळे काढणे शक्य नाही.

यावर खेळाचा रचनाकार म्हणेल, आणि ते रास्त ठरेल, की माझे काम इतिहास शिकवण्याचे नाही. मला दोन खेळाडूंना समान संधी द्यायची आहे. त्याच चौकटीत राहून अधिक चांगले काही करता येते का, हे पाहिले पाहिजे. २०२१ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स ४’मधील दिल्ली सल्तनतीला सर्व विद्या फुकट मिळतात, पण अतिशय संथपणे, विद्वानांना मशिदीत बसवले की गती वाढते. येथे लाभ आणि त्याची किंमत एकाच नियमात आहेत, आणि त्या नियमात एक संस्थाही आहे. मला ही युक्ती वीस टक्के अधिक वेगापेक्षा पुष्कळ प्रामाणिक वाटते.

मराठ्यांसाठी असा नियम शोधायचा तर मी चौथाईकडे पाहीन. शेजाऱ्याच्या मुलुखाच्या वसुलातील चौथा हिस्सा, त्यावर दहा टक्के सरदेशमुखी. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर हे हक्क मोगल दरबाराकडून मान्य करून घेतले गेले. चौथाईही मराठ्यांनी शोधलेली नाही. दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला तिच्या आधीपासून चौथ देत होते, म्हणून त्याला चौथिया म्हणत. पण मराठ्यांनी तिचे राज्ययंत्र बनवले. या यंत्राचे लक्षण असे, की ते शेजाऱ्याच्या भरभराटीवर चालते. त्याला पुरता लुटला तर पुढच्या वर्षी चौथा हिस्सा कशाचा घेणार? बंगालवरच्या स्वाऱ्या थांबल्या त्या १७५१ च्या तहाने, वार्षिक बारा लाखांच्या चौथाईवर. असा गुण संस्कृतीच्या स्वतःच्या रकान्यात लिहिता येत नाही, त्याची बेरीज दुसऱ्याच्या रकान्यातून येते. समोर कोण आहे यावर त्याची किंमत बदलते, त्यामुळे हजार डावांच्या सरासरीने त्याचा समतोलही साधत नाही. वेलेकने १९५८ मध्ये तौलनिक साहित्यातील राष्ट्रांच्या आयात-निर्यातीच्या हिशेबाला नावे ठेवली होती. चौथाईच्या बाबतीत मात्र असा हिशेब मांडल्यावाचून काही हाती लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ने एक जुना सांधा सोडवला आहे. तेथे संस्कृती युगागणिक बदलते. भारतीय वाटेने जाणारा खेळाडू मौर्यांकडून चोळांकडे आणि चोळांकडून मोगलांकडे जाऊ शकतो. नेता आणि संस्कृती यांची गाठही सुटली आहे. त्याच वर्षीच्या एका पुरवणीत राणी लक्ष्मीबाई नेता म्हणून दाखल झाली. झाशीचे नेवाळकर हे बुंदेलखंडात सुभेदारीवर गेलेले मराठी घराणे. राणीचा जन्म काशीचा, बालपण बिठूरचे, रयत बुंदेली. ही राणी आता चोळांची होऊ शकते किंवा रोमचीही. ज्यांना हे विपरीत वाटेल त्यांनी तंजावरची भिंत आठवावी. तिचा स्वतःचा गुण मात्र रचनाकारांनी लढाऊच ठेवला आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांशी तिने केलेला पत्रव्यवहार, दत्तकाच्या हक्कासाठीचे तिचे खलिते आणि त्यांतली युक्तिवादाची धार अजून कोणत्याही तंत्रवृक्षाच्या फांदीवर आलेली नाही.